डीएनए ते प्रथिन, चुंबकी संच : घ्या, पण मणी वेगळे आणा

गडचिरोली जिल्ह्यातल्या शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. पहिल्याच धड्यात प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनएची प्रत बनणं) आणि भाषांतरण (त्या प्रतीवरून प्रथिन बनणं) येतं, आणि फळ्यावर कितीही बाण काढले तरी ते मुलांच्या डोक्यात बसत नाही. म्हणून हा संच ऑनलाइन मागवला. अठराशे रुपये वसूल झाले.

चुंबक विचार करून बसवलेत. डीएनएच्या अक्षरांपैकी ए-टी जोडीला दोन, जी-सी जोडीला तीन, खऱ्या बंधांइतकेच. चुकीची जोडी चिकटतच नाही. आरएनएमध्ये टीच्या जागी येणाऱ्या यूचा रंग टीपेक्षा वेगळा, त्यामुळे मुलांची गल्लत होत नाही.

आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे. म्हणून हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्याच आरएनएची सुरुवात लावायला दिली : एयूजी, जीयूजी, सीएसी, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी. रायबोसोमचा (पेशीत प्रथिन बांधणाऱ्या यंत्रणेचा) ठोकळा पट्टीवरून एकेक कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा गट, पुढे सरकवायचा, जुळणारा टीआरएनए (अमिनो आम्लाचा मणी आणणारा तुकडा) आत बसवायचा, आधीची माळ नव्या मण्याला अडकवायची, रिकामा टीआरएनए बाहेर. शेवटी ग्लुटामिक आम्लाचा लाल मणी येतो. मग डीएनएच्या साच्यातला एकच टी काढून तिथे ए लावला. जीएजीचं जीयूजी झालं आणि लाल मण्याच्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आलं. सिकलसेलमधला बदल तो हाच. वर्ग एकदम गप्प झाला. मग एका मुलीने मणी मोजले आणि विचारलं, "मॅडम, सिकलसेलमध्ये सहावं अमिनो आम्ल बदलतं असं तुम्ही म्हणता, हा तर सातवा मणी आहे." बरोबर होतं तिचं. पहिलं मेथिओनिन पेशी नंतर कापून टाकते, म्हणून ते सहावं. संचासोबतच्या पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही.

प्रत्येक अमिनो आम्लाचा मणी मात्र एकेकच दिलाय. व्हॅलिन दुसऱ्या जागी आधीच लागतं, सिकलसेलच्या माळेत ते दोनदा येतं. आठवडी बाजारातून हिरवे मणी आणून भागवलं.

खरी नाराजी वेगळीच. माळ जिथे संपते त्या यूएए कोडॉनसाठी 'थांबा' लिहिलेला टीआरएनए दिलाय! पेशीत असं काही नसतं. तिथे रिलीज फॅक्टर नावाचं प्रथिन येऊन माळ सोडवतं. शिकवायच्या साहित्यात ही चूक चालणार नाही. विक्रेत्याला कळवलं, उत्तर नाही. संच घेतलात तर तेवढा तुकडा वर्गात नेऊ नका.