डायटोमाइट म्हणून शाडूही नाही, चुनखडीची पूड गळ्यात मारली

67,920 रुपये. आमच्या दहा जणांच्या गटाचे एवढे पैसे बुडाले आणि खरेदी माझ्या हातून झाली. मी भूशास्त्रात बीएस्सी केलेला, म्हणूनच गटाने हे काम माझ्यावर सोपवलं होतं. अजून कोणाच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

मंगळवेढ्याच्या बाजूची मालदांडी ज्वारी, 240 क्विंटल, गोदामात ठेवायची होती. विषारी गोळ्या वापरायच्या नाहीत हे सगळ्यांचं ठरलेलं. घरच्या कणगीला राख नि कडुनिंबाचा पाला पुरतो, एवढ्या मालाला कुठला आणायचा? धान्यातले किडे मारायला वापरतात ती डायटोमाइट या दगडाची भुकटी टनाला दोन किलो सांगितली, म्हणजे 48 किलो. पंचवीस किलोच्या दोन गोण्या, 140 रुपये किलोने 7,000. भाडं 620.

पैसे आगाऊ दिले, पण डोळे झाकून दिले नाहीत. विकणाऱ्याने आधी 200 ग्रॅम भुकटी आणि दगडाचा एक खडा पाठवला होता. खडा जिभेला लावला, चिकटून बसला. पाण्यात टाकला, आधी तरंगला, मग बुडबुडे सोडत बुडाला. भुकटीवर लिंबू पिळलं, फेस नाही. डायटम या एकपेशीय शैवालांची सिलिकाची कवचं साचून हा दगड होतो. कवचांना बारीक छिद्रं, त्यामुळे तो हलका आणि भरपूर शोषणारा. किड्याच्या अंगावरचा मेणाचा थरच तो शोषून घेतो आणि किडा सुकून मरतो. नमुना अस्सल होता. माझ्या जागी कोणीही पैसे पाठवले असते.

पण माल आला त्या दिवशी? हमालाने गोणी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "दादा, पंचवीस किलोची म्हणता, एवढीशीच?" तिथे माझं डोकं चालायला हवं होतं. या भुकटीचा एक किलो तीन-चार लिटर जागा घेतो. पंचवीस किलोची गोणी सिमेंटच्या गोणीहून फुगीर दिसली पाहिजे. या तर तिच्याहूनही लहान होत्या! मी काय केलं, तर काट्यावर ठेवल्या. वजन बरोबर भरलं. सही केली. वडील दवाखान्यात होते, मळणीवाला पैशासाठी दारात उभा होता. नमुन्यावर लिंबू पिळलं, गोणीवर नाही.

गोणी उतरताच उघडा, लिटरच्या मापात भरून तोला. लिंबाने फक्त चुनखडी पकडली जाते. शंखजिरं किंवा चिनी माती मिसळली असेल तर फेस येत नाही, माप मात्र खोटं बोलत नाही.

जूनमध्ये ज्वारीत सोंडे दिसले. विकणारा म्हणाला, धान्य ओलं असणार. दमट धान्यात ही भुकटी खरंच कमी चालते, म्हणून मी विश्वास ठेवला आणि तीन आठवडे घालवले. मग उरलेल्या पुडीतली चिमूट स्टीलच्या ताटलीत घेऊन लिंबू पिळलं. चर्र करून फेस वर आला. 65 क्विंटल माल क्विंटलमागे 900 रुपये कमी घेऊन विकावा लागला. 58,500 गेले.

आणि विकणाऱ्याने दिलेलं ते प्रमाणपत्र! त्यावर विशिष्ट गुरुत्व 2.71 छापलं होतं. हा कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचा आकडा. डायटोमाइटमधल्या ओपल सिलिकाचा 2 ते 2.3 असतो. मी फक्त "सिलिका 88 टक्के" वाचलं. नुसत्या सिलिकाच्या टक्क्यावर जाऊ नका, वाळूही सिलिकाच असते. गाळणीसाठी भाजलेला प्रकार तर धान्याला, कोंबड्यांना अजिबात नको. त्यात क्रिस्टोबलाइट हा सिलिकाचा स्फटिक तयार होतो, तो फुप्फुसात गेला की घातक.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी व्यवहार आहे. कृषी कार्यालयात सांगितलं, हे खतही नाही, नोंदणीकृत कीटकनाशकही नाही, आमच्याकडे येत नाही. वजनमापवाल्यांनी विचारलं, वजन बरोबर आहे ना? मग तक्रार कसली? 1,800 रुपये भरून प्रयोगशाळेचा अहवाल आणला, त्यात कॅल्शियम कार्बोनेट स्वच्छ लिहिलंय. तर म्हणे नमुना तुम्ही काढला, निरीक्षकाने नाही, म्हणून ग्राह्य नाही. मग निरीक्षक पाठवा! अर्ज दिला, पोच घेतली, चार खेपा मारल्या. दर वेळी साहेब बैठकीला. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद. अर्धे पैसे माल तपासल्यावर देईन, एवढं म्हणायला जड जाऊ देऊ नका. मला गेलं.

उरलेली दोन किलो भुकटी गोणीसकट लाखेने बंद करून, गटातल्या दोघांच्या सह्या घेऊन गोदामात ठेवली आहे. निरीक्षक अजून आलेला नाही.