सिंगापूरच्या इमारती बघायला 16 इंची ट्रायफोल्ड सायकल : काही महिन्यांच्या वापरानंतर

तीन तुकड्यांत घडी होणारी, 349 मिमी रिमची, स्टीलच्या फ्रेमची, मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) तीन गिअर असलेली ही सायकल. वजन साधारण 12 किलो. अशा सायकली आता बऱ्याच कंपन्या काढतात आणि पुढचे बहुतेक सगळ्यांना लागू आहे, म्हणून ब्रँडच्या वादात पडत नाही.

या कामासाठी सायकल पळते किती यापेक्षा ढकलता किती सहज येते ते बघा. बघण्यासारखे जिथे आहे तिथे उतरावेच लागते. खाली दुकान, वर घर अशा शॉपहाउसांपुढचा फाइव्ह-फुट वे, म्हणजे रॅफल्सच्या 1822 च्या नगररचनेपासून चालत आलेला सलग छताचा व्हरांडा, सावलीचा खरा. पण दर घराची फरशी वेगळ्या उंचीवर. पंधरा-वीस फुटांवर पायरी येते आणि 12 किलो उचलायचे म्हणजे वैताग. तिथे सायकल कुलूप लावून ठेवावी, पायी फिरावे. एचडीबी इमारतींच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) व्हॉइड डेकमध्येही, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेतही, ढकलतच न्यायची. घडी घालून ढकलायची असेल तर कॅरिअरची मूळची बारीक, कडक चाके काढून मोठी, रबरी चाके लावा. बारीक चाके फरशीच्या सांध्यात अडकतात.

टिओंग बाहरूला मात्र हिचे चीज होते. 1936 पासून बांधलेल्या या वसाहतीचे गोल कोपरे आणि आडव्या पट्ट्या मरीन ड्राइव्ह बघितलेल्यांना ओळखीच्या वाटतील, पण मागच्या गल्ल्या चुकवू नका. गोल जिने तिकडेच आहेत आणि गाड्यांची वर्दळ कमी. फूटपाथवर ताशी 10 किमीची मर्यादा आहे; मान वर करून बघत जाणाऱ्याला तेवढा वेग पुष्कळ झाला. गोल्डन माइल कॉम्प्लेक्स ही इमारत (1973) फक्त बीच रोडवरून बघून परत फिरू नका. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी बाजू निकोल हायवेकडे आहे. तेवढ्या वळशासाठी सायकल उपयोगी.

एमआरटीत (इथल्या मेट्रोत) घडी 120 × 70 × 40 सेमीच्या आत हवी. ही आरामात बसते. स्टेशनच्या आवारात घडी उघडायची नाही, आणि चाके ओली किंवा चिखलाची असतील तर गुंडाळायची. जुनी शॉवर कॅप पुरते. घडी घालताना क्रँक (पेडलचा दांडा) चुकीच्या जागी राहिला तर पुढचे चाक शेवटपर्यंत आत येत नाही. लोक मग बिजागरीवर जोर काढतात. जोर लावू नका, पेडल उलटे फिरवा.

टायरमध्ये पुढे 80, मागे 90 पीएसआय ठीक (टायरवरची मर्यादा बघून). कमी हवेत फूटपाथच्या कडेला ट्यूब रिमवर चिमटते. जुन्या मलायन रेल्वेच्या जागेवरचा 24 किमीचा रेल कॉरिडॉर आणि त्यावरचे लोखंडी पूल बघायला छान, पण पावसानंतर खडीमातीच्या पट्ट्यांत ही चाके रुततात. दोन दिवस कोरडे गेले की जा.

दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये पाय मोकळा फिरू लागला तर हब बिघडलेला नसतो, बहुतेकदा केबल ढिली असते. केबलचा ॲडजस्टर थोडा थोडा आवळत जा, आणि ते होईपर्यंत उभे राहून पेडल मारू नका.

सीट हळूहळू खाली सरकते, ही या रचनेची नेहमीची तक्रार. क्लॅम्प आवळत सुटण्याआधी सीटचा दांडा स्पिरिटने पुसा. चेनचे तेल हाताला लागून तिथे पोचलेले असते. पुसूनही सरकली तर फ्रेमच्या नळीतला प्लॅस्टिकचा स्लीव्ह झिजला असे समजा. तो बदलणे दुकानाचे काम.

गंज इथे टळत नाही. ईस्ट कोस्टच्या खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा, मग चेनला तेल. पावसात भिजली तर रिमही पुसा. त्यावरचा काळा लगदा ब्रेक पॅडमध्ये रुतून बसतो आणि ॲल्युमिनिअम खरवडतो. पॅडमध्ये चमकणारे कण दिसले तर टोच्याने उकरून काढा.