सहा वाघिणी, एक वखार आणि बागेतलं ऑपरेटिंग सेशन

आधी निकाल सांगून टाकतो, बागेतल्या मॉडेल रेल्वेच्या या सेशनला पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो फक्त यार्डातल्या वळणांसाठी, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

बागेतल्या मॉडेल रेल्वे मी याआधी बऱ्याच बघितल्यात, पण त्या सगळ्या नुसत्या बघायच्या. गाडी फुलझाडांतून गोल गोल फिरतेय, आपण कडेला उभे, दोन फोटो काढले की अर्ध्या तासात पाय घराकडे वळतात. हे ओपन ग्रुप सेशन होतं, म्हणजे नाव नोंदवायचं, सकाळी हजर व्हायचं आणि त्या रेल्वेत दिवसभर नोकरीला असल्यासारखं काम करायचं. आम्ही बारा जण होतो, पाच गाड्या, एक यार्डमास्टर (डबे लावून गाड्या बनतात त्या यार्डाचा), एक डिस्पॅचर (लाइन कोणाला कधी द्यायची ते ठरवणारी), आणि प्रत्येक गाडीवर दोन माणसं, एक ड्रायव्हर एक गार्ड. मी ड्रायव्हर, माझ्याबरोबर गार्ड म्हणून एक काका होते जे अशी सेशन्स कित्येक वर्षं करतायत, आणि माझा दिवस चांगला गेला त्यातला निम्मा वाटा त्यांचाच आहे.

लाइन ४५ मिमी गेजची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ४५ मिमी, पितळी रूळ, ज्याला कोड ३३२ म्हणतात तो, म्हणजे रुळाची उंची साधारण ८.४ मिमी. नव्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो कारण रूळ एकच पण त्यावर धावणाऱ्या गाड्या वेगवेगळ्या स्केलच्या, म्हणजे खऱ्यापेक्षा वेगवेगळ्या पटीने लहान, असतात. १९६८ मध्ये न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने एलजीबी ही बागेतली मॉडेल रेल्वे आणली ती १:२२.५ स्केलची, ४५ ला २२.५ ने गुणा, जवळपास एक मीटर येतं, म्हणजे ती मीटरगेज. तेच ४५ मिमी १:३२ मध्ये घेतलं तर १४४० येतं, म्हणजे स्टँडर्ड गेज. आणि १:२०.३ घेतलं की तीन फुटी नॅरोगेज. शिवाय १:२९ वाले आहेतच, ज्यांचा हिशोब नीट बसत नाही पण डबे भरदार दिसतात म्हणून लोकांना आवडतात. इथे यजमानांनी मीटरगेजच्या गाड्या एका बाजूला ठेवून सेशनसाठी फक्त १:२९ चाच माल काढला होता आणि सगळ्या वाघिणींना (म्हणजे मालडब्यांना) एकाच जातीचे कपलर, म्हणजे डबे जोडायचे आकडे. हा निर्णय मला फार पटला, कारण मिसळ केली की कपलरची उंची जुळत नाही आणि मग निम्मा दिवस गाडी तुटल्याच्या तक्रारीत जातो.

आता कागदांबद्दल, कारण सेशनचा जीव तिथे आहे. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड, कार्डाला खिसा, खिशात वेबिल, म्हणजे माल कुठे जायचा त्याची चिठ्ठी. वेबिलला चार बाजू, जी बाजू वर दिसते ती सांगते की ही वाघीण कुठे जायची. पहिल्या बाजूवर समजा वखार, दुसऱ्यावर यार्डात परत, तिसऱ्यावर धान्य गोदाम, चौथ्यावर पुन्हा यार्ड. वाघीण ठरल्या जागी पोचली की सेशन संपल्यावर वेबिल उलटायचं, पुढच्या वेळी तिला आपोआप नवीन काम मिळतं. १९६१ मध्ये डग स्मिथ नावाच्या अमेरिकन हौशी माणसाने ही पद्धत लेख लिहून मांडली आणि अजून लोक तीच वापरतायत, घरातल्या लेआउटवरही आणि बागेतही. बागेत एकच भानगड असते, वारा आणि ओल. इथे सगळी कार्डं लॅमिनेट केलेली, प्रत्येक स्टेशनला झाकणाचा छोटा डबा खांबावर ठोकलेला, आणि गार्डच्या गळ्यात क्लिपबोर्ड. दिवसभरात एकही कार्ड उडालं नाही. ऐकायला किरकोळ वाटतं पण मी एका ठिकाणी नुसत्या कागदी चिठ्ठ्या झुडपात शोधत फिरलेली माणसं बघितलीयत.

आमची गाडी लोकल मालगाडी, इंजिन आणि मागे सहा वाघिणी. पहिल्या मोठ्या स्टेशनवर इंजिनापासून तिसरी वाघीण वखारीला सोडायची होती. वखारीची साइडिंग, म्हणजे मेन लाइनपासून फुटून आत जाणारा बंद टोकाचा रूळ, अशी की आपण ज्या दिशेने येतो त्या दिशेनेच आत वळते, म्हणजे सरळ आत शिरलो तर इंजिन आत आणि गाडी मागे, वाघीण सोडून बाहेर पडायला वाटच नाही. त्यामुळे वाघीण इंजिनाच्या पुढे घेऊन आत ढकलावी लागते. त्यासाठी इंजिन लूपच्या (मेन लाइनला दोन्ही टोकांना जोडलेल्या शेजारच्या रुळाच्या) मदतीने फिरवून दुसऱ्या टोकाला आणायचं, आणि लूपमध्ये जागा चारच वाघिणींची! मी म्हटलं सोपं आहे, मागच्या तीन वाघिणी स्टेशनाअलीकडे मेन लाइनवर सोडू, पुढच्या तीन लूपमध्ये नेऊ, इंजिन सोडवून मेन लाइनने मागे आणू, आता जवळची वाघीण तीच वखारीची, तिला पकडून लूपबाहेर ओढू आणि मेन लाइनवरून पुढे ढकलत साइडिंगमध्ये घालू. विचार बरोबर होता. फक्त मागच्या तीन वाघिणी मी सांध्याच्या, म्हणजे लूप जिथे फुटतो त्या जागेच्या, अगदी जवळ सोडल्या. इंजिन मागे आलं, वाघीण पकडली, बाहेर ओढायला गेलो तर इंजिन आणि एक वाघीण मावेल एवढी जागाच सांधा आणि त्या तीन वाघिणींच्या मध्ये नाही.

झालं, सगळं पुन्हा उलटं करायला लागलं. तिकडे पॅसेंजर पुढच्या स्टेशनात क्रॉसिंगसाठी उभी, डिस्पॅचर ताई वॉकीटॉकीवर विचारतायत लाइन कधी मोकळी देताय, आणि मला घाम. काका एका शब्दाने रागावले नाहीत. ते फक्त पाच पावलं मागे चालत गेले, एका दगडाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "वाघिणी इथे सोड, मग इंजिन कुठेही अडणार नाही." सोडल्या आणि खरंच अडलं नाही. वीस मिनिटं गेली त्यात. ताईंनी पॅसेंजरवाल्यांना कारण सांगितलं, त्यांनीही चिडचिड केली नाही, हे मला या ग्रुपचं फार आवडलं.

पण खरी गोष्ट काकांनी काम झाल्यावर सांगितली. म्हणाले, "अरे, वेबिलवर वखार लिहिलंय, आत्ताच सोड असं कुठे लिहिलंय? पुढे घेऊन जायची, परतीच्या वाटेवर हीच साइडिंग आपल्याला मागून लागते, नुसतं मागे ढकललं की वाघीण आत." मी म्हटलं काका मग आधी का नाही सांगितलंत, तर म्हणाले आधी सांगितलं असतं तर तुला लूप कळला नसता. मी त्या संध्याकाळपासून हाच विचार करतोय, की नुसती गाडी फिरताना बघून मला हे दहा वर्षांतही कळलं नसतं. साइडिंग कोणत्या तोंडाची आहे ही गोष्ट रुळावर दिसतेच, पण ती अंगावर येते ती काम करताना.

इंजिनं सगळी बॅटरीवर, १४.८ व्होल्टचे लिथियम पॅक आणि हातात रेडिओ थ्रॉटल, म्हणजे वेग कमीजास्त करायचा रिमोट. रुळातून करंट नाही. बागेत ग्रुपने खेळायचं असेल तर माझं मत पूर्णपणे बॅटरीच्या बाजूने आहे, कारण पितळ उघड्यावर काळं पडतं, पानं पडतात, आणि रुळातून पॉवर घेतली की शंटिंगच्या (डबे जोडणं, सोडणं, हलवणं) हळू स्पीडला इंजिन अडखळतं, मग पाहुण्यांच्या हातात सेशन सोडून रूळ घासायची काठी येते. मला दिलेल्या इंजिनाला मोमेंटम फार लावलेला होता, थ्रॉटल बंद केला तरी अर्धा मीटर पुढे जायचं, शंटिंगला ते अगदीच गैरसोयीचं. सांगितल्यावर यजमानांनी दोन मिनिटांत कमी करून दिला. मात्र एका गाडीची बॅटरी अडीच तासांत संपली आणि चार्ज केलेला जादा पॅक तयार नव्हता, ती जोडी पाऊण तास रिकामी बसली. पाच गाड्यांना निदान दोन जादा पॅक हवेतच.

मेन लाइन जवळपास ७० मीटर, सिंगल, आणि ती फार छान टाकलीय. खाली गोल गोटे नाहीत, क्रशरमधली बारीक टोकदार खडी आहे, जी एकमेकांत अडकून बसते आणि पाणी खाली जाऊ देते. रूळ सिमेंटात पक्के केलेले नाहीत, खडीवर मोकळे आहेत. याचं कारण दुपारी कळतं. पितळ तापलं की वाढतं, दर अंशाला दहा लाखांत १९ भाग. ७० मीटर रूळ ३० अंशांनी तापला तर एकूण वाढ चार सेंटीमीटर होते, आणि ती कुठेतरी जायला हवी ना. जोडांत फटी सोडलेल्या आहेत, वळणं थोडी बाहेर सरकतात, संध्याकाळी परत येतात. तरी दुपारी दोनच्या सुमारास यार्डाच्या तोंडाचा सांधा घट्ट झाला, पाती पूर्ण बसेना, आणि तिथे दोन वेळा डबे उतरले. तिथे जवळ एक सरकता जोड घातला तर प्रश्न मिटेल असं मी सुचवलंय.

आता यार्ड. जागा वाचवायला तिथे ६०० मिमी त्रिज्येची वळणं वापरलीयत, मेन लाइनवर मात्र छान मोठी २.४ मीटरची. लहान चार चाकी डबे ६०० वर आरामात जातात, पण लांब बोगीवाल्या वाघिणी (दोन टोकांना वळणाऱ्या चाकांच्या जोडगाड्या असलेल्या), त्यात कपलर बोगीलाच लावलेला, अशा सहा सात जोडून मागे ढकलल्या की कपलर तिरपा होऊन बोगीलाच बाजूला रेटतो आणि चाक रूळ सोडतं. ओढताना काही होत नाही, ढकलतानाच होतं, आणि यार्डाचं काम म्हणजे दिवसभर ढकलणंच. यार्डमास्टर बिचारा सकाळपासून वाकून डबे रुळावर चढवत होता. तीनतीनच ढकला असा नियम केला तेव्हा गाडी सुरळीत झाली, पण हा नियम सकाळच्या ब्रीफिंगमध्येच यायला हवा होता. ज्या जागेवर सगळ्यात जास्त शंटिंग तिथेच सगळ्यात कडक वळण, हे मला पटलेलं नाही, म्हणून तो एक स्टार.

घड्याळाचा पण एक मुद्दा. सकाळी त्यांनी चौपट वेगाचं घड्याळ लावलं होतं, खरं एक मिनिट म्हणजे घड्याळात चार. घरातल्या लेआउटवर ते चालतं, बागेत मला ते जाचक वाटलं. या स्केलमध्ये ३० किमीचा वेग म्हणजे सेकंदाला जेमतेम २९ सेंटीमीटर, ७० मीटर जायला चार मिनिटं, तीही कुठे न थांबता. त्यात वाकायचं, कपलरमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून तो सोडवायचा, उठायचं, चालत सांध्याकडे जायचं. वेळापत्रक अकरा वाजताच कोलमडलं. दुपारनंतर घड्याळ बंद केलं आणि फक्त क्रम ठेवला, आधी ही गाडी मग ती गाडी, क्रॉसिंग अमुक स्टेशनात. एकदम मोकळं झालं सगळं. बाहेरच्या रेल्वेला क्रमच बरा.

आणि खुणा! हे मला सर्वात आवडलं. गाडीचं शेपूट बारा पंधरा फुटांवर आणि मध्ये झुडूप, तिथून ओरडण्याऐवजी गार्ड हाताने खुणा करतो, हात वरखाली केला की पुढे, गोल फिरवला की मागे, आडवा हलवला की थांब. ड्रायव्हर शिट्टीने उत्तर देतो, दोन लांब म्हणजे निघालो, तीन आखूड म्हणजे मागे येतोय. तासाभरात आम्हा दोघांत बोलणं जवळजवळ बंद झालं, बागेत नुसत्या शिट्ट्या ऐकू यायच्या पाच वेगवेगळ्या आवाजांच्या, आणि कोणती गाडी कुठे आहे ते न बघता कळायचं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. एक स्टेशन कमरेएवढ्या उंच वाफ्यावर आहे, बाकी सगळं जमिनीवर, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नोंदणी करतानाच डिस्पॅचरचं किंवा त्या उंच स्टेशनचं काम मागून घ्या, ते देतात. व्हीलचेअर त्या एका स्टेशनपर्यंत नीट जाते, पुढे नाही. टोपी न्या, सावली फक्त डिस्पॅचरच्या टेबलावर आहे. पाय कुठे ठेवायचा त्याचे सपाट दगड आहेत पण खूण नाही, माझ्यासमोर एकाने थाईमच्या वाफ्यात पाय दिला आणि यजमानांचा चेहरा उतरला. लांब दांड्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर स्वतःचा न्या, तिथले सगळे एकाच वेळी हवे असतात. आणि शेवटची पाऊण तासाची आवराआवर सोडून पळू नका, प्रत्येक वाघिणीच्या जागेचा फोटो काढून ती तिच्या नंबरच्या खोक्यात जाते, म्हणजे पुढच्या वेळी ती तिथूनच सुरू करते. वखारीत सोडलेली माझी वाघीण मीच खोक्यात ठेवली आणि तिचं वेबिल उलटलं, आता त्यावर यार्डात परत असं आहे. पुढच्या सेशनला मी पुन्हा तीच लोकल मागितलीय, काकांबरोबर.