नोंदींचं ॲप बदललं, तरी ‘दुसऱ्या’ काही सापडेना: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

चष्म्याच्या काउंटरवर उभी होते. विचारलं गेलं, कॉम्प्युटरसाठीच्या चष्म्याचा नंबर काय? मला पक्कं आठवत होतं, नोंद केली होती: ‘दुसऱ्या चष्म्याचा नंबर’. फोनवर ‘चष्मा’ शोधलं, काही नाही. ‘दुसऱ्या’ शोधलं, काही नाही. ‘नंबर’ टाकलं तर मीटरपासून वॉरंटी कार्डापर्यंत साऱ्या जगाचे नंबर आले, त्या गर्दीत हा काही दिसेना. मागे लोक खोळंबलेले. शेवटी पैसे भरून डोळे पुन्हा तपासून घेतले. घरी लॅपटॉपवर तोच ‘दुसऱ्या’ शोधला, तर नोंद क्षणात हजर!

म्हणजे मोबाइल ॲपच भिकार, असा निकाल मी देऊन टाकला. वर्षाची वर्गणी भरत होते, तेव्हा तक्रार केली. उत्तर आलं: कॅशे साफ करा, लॉगआउट करा, पुन्हा इन्स्टॉल करा. सगळं केलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच आल्यावर वर्गणी बंद केली आणि नोंदी उचलून दुसरीकडे गेले. (दोन्ही ॲपांची नावं टाकत नाही. का ते पुढे कळेल.)

नवीन ॲप ऑब्सिडियन या नोंदींच्या ॲपच्या जातीचं, म्हणजे प्रत्येक नोंद ही आपल्याच डिस्कवरची एक साधी मार्कडाउन फाइल (साधा मजकूर, मथळे-याद्या साध्या चिन्हांनी दाखवलेल्या). जॉन ग्रूबरने २००४ साली आणलेली ही पद्धत इतकी साधी आहे की उद्या ॲप बंद पडलं तरी फाइली कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात. फोन-लॅपटॉप जोडायची सशुल्क सोय होती, ती मी अर्थातच घेतली नाही. दोन्हीकडच्या फाइली जुळवून ठेवणाऱ्या फुकटच्या सिंकथिंगवर आठ महिने काढले.

बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. नोंदींचं जाळं दाखवणारा आलेख दिसतो छान, मी तो दोनदा उघडला. प्लगइन आठवडाभर गोळा केले, मग बहुतेक काढून टाकले. व्हिडिओवाले ज्यांचं नाव उठसूट घेतात त्या निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञांनी नोंदींची सुमारे ९०,००० कार्डं हातानं लिहिली आणि थीम एकही बदलली नाही, हे लक्षात असू द्यावं.

लिंकने मात्र डोकं उठवलं. दुहेरी चौकटी कंसात नोंदीचं नाव लिहिलं की लिंक होते, हे इंग्रजीत ठीक. मराठीत नावाला विभक्ती चिकटते. मी [[वीजबिल]] लिहून पुढे ‘ाचं’ जोडलं, तर तो काना बिचारा ठिपक्यांच्या गोलावर एकटाच लटकत राहिला. मग [[वीजबिल|वीजबिलाचं]] असं उभी रेघ घालून दोनदा लिहायचं. आता सवय झाली, पण राग गेलेला नाही.

तिसऱ्या महिन्यात तोच प्रकार. फोनवर ‘दुसऱ्या’ शोधलं, नोंद नाही. लॅपटॉपवर आहे. फोल्डर तोच, फाइल तीच, ॲप मात्र वेगळं! आता कुणाशी भांडणार? दोन्हीकडचा शब्द अक्षरांचे सांकेतांक दाखवणाऱ्या साधनात टाकला आणि चोर सापडला. फोनचा कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त लिहीत होता. लॅपटॉपवरचा माझा जुना फोनेटिक कीबोर्ड साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडक (अक्षरं जोडायला सांगणारं चिन्ह) लिहीत होता. डोळ्यांना दोन्ही ‘दुसऱ्या’ सारखेच, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. र आणि खाली नुक्ता (टिंब) अशीही एक तऱ्हा आहे, पण ती आणि ‘ऱ’ एकच, असं यूनिकोड, म्हणजे अक्षरांना सांकेतांक देणारं मानकच मानतं. जोडकवाल्याला ती सवलत नाही.

म्हणजे वर्गणी बंद केली ती चुकीच्या रागातून. तरी तीनदा एकच उत्तर पाठवायचं कारण नव्हतं, एवढं माझं मत कायम आहे.

पण इथेच फाइलींचं मोल कळलं. एडिटरमध्ये अख्खं फोल्डर उघडलं, जोडकवाला र शोधून एका फटक्यात सगळीकडे ‘ऱ’ केला. जुन्या ॲपमध्ये हे मला एकेक नोंद उघडून करावं लागलं असतं. खूश होऊन एका लिंकवर टिचकी मारली, तर कोरी नोंद उघडली. फाइलींतला मजकूर बदलला होता, फाइलींची नावं जुन्याच र-ची! ‘बऱ्याच दिवसांनी’, ‘खऱ्या अडचणी’, सगळ्या लिंका तुटलेल्या. रविवार नावं बदलण्यात गेला.

फोनेटिक सोडून इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्डवर आले. तिथे शिफ्ट धरून र दाबला की ‘ऱ’ येतो. ‘चष्मा’ शोधून ‘चष्म्याचा’ सापडत नाही ते मात्र तसंच आहे, त्याला कीबोर्ड काय करणार? शेपूट कापून ‘चष्म’ शोधते. ‘मूल’ आणि ‘मुलाचं’ यांना तेही चालत नाही, कारण पहिल्या अक्षराचा उकारच बदलतो. म्हणून हल्ली नोंदींची नावं विभक्तीशिवाय ठेवते. त्या नोंदीचं नाव आता ‘चष्मा दुसरा नंबर’ आहे. घरातल्या कुणी वाचलं तर तार आल्यासारखं वाटेल, पण फोनवर सापडते.