एनबीए फायनल्स बघावी की युरोलीगची फायनल फोर?

वर्षातून एकदाच मन लावून बास्केटबॉल बघायचं ठरवलं असेल, तर हे दोनच पर्याय माझ्या डोळ्यांसमोर येतात. पहिला म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनबीए लीगची अंतिम मालिका, दुसरा म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या युरोलीगची शेवटची फेरी. चषक दोन्हीकडे मानाचा आहे. तो मिळवायची रीत मात्र निराळी.

एनबीएत सातपैकी चार सामने आधी जिंकणारा विजेता. १९४७ साली फिलाडेल्फिया वॉरियर्सने शिकागो स्टॅग्सला ४-१ असं हरवलं, तेव्हापासून हे कायम आहे. बदलला तो सामने कुठे खेळायचे याचा क्रम. विमानप्रवास कमी व्हावा म्हणून १९८५ ते २०१३ दोन-तीन-दोन अशी रचना होती: दोन सामने साखळीत सरस ठरलेल्या संघाच्या घरी, मग सलग तीन प्रतिस्पर्ध्याकडे. त्यामुळे २-२ अशी बरोबरी झाली की मोक्याचा पाचवा सामना सरस संघालाच परक्या प्रेक्षकांपुढे खेळावा लागे. मला तो अन्याय वाटायचा. २०१४ पासून पुन्हा दोन-दोन-एक-एक-एक सुरू झालं, ते बरं झालं.

पण मालिकेचा जीव आहे तो चूक सुधारण्यात. २०१५ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलँडविरुद्ध १-२ असे मागे होते. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी उंचापुऱ्या अँड्र्यू बोगटला बाकावर बसवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीच्या पाचात घेतलं. साखळीत तो एकदाही त्या पाचात नव्हता! सुरुवातीला संघ ०-७ असा मागे पडला, तरी कर आपल्या निर्णयावर ठाम राहिले. क्लीव्हलँडचा हुकमी खेळाडू लेब्रॉन जेम्स, त्याच्यावर पहारा इग्वोडालाचा. तो सामना धरून सलग तीन सामने वॉरियर्सने जिंकले आणि मालिकावीरही इग्वोडालाच ठरला.

फायनल फोरमध्ये अशी दुसरी संधी नाही. १९८८ पासून हाच शिरस्ता: चार संघ एका शहरात जमतात, उपांत्य सामने, एक दिवस सोडून अंतिम. २०१२ ला इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात रशियाचा सीएसकेए मॉस्को हा संघ ग्रीसच्या ऑलिंपियाकोसपेक्षा १९ गुणांनी पुढे होता. ती आघाडी वितळत एका गुणावर आली. शेवटच्या दहा सेकंदांत मॉस्कोच्या सिश्काउस्काससारख्या कसलेल्या नेमबाजाचे दोन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, कोणी न अडवता करायचे फेक) हुकले. ऑलिंपियाकोसच्या स्पानौलिसने पास दिला, त्याचा साथीदार प्रिंटेझिसने एका हाताने चेंडू अलगद वर सोडला. घड्याळात ०.७ सेकंद. ६२-६१. मॉस्कोला परतफेडीसाठी उद्याचा सामनाच नव्हता.

वेळेचं गणित फायनल फोरच्या बाजूने आहे. सामना ४० मिनिटांचा, आपल्याकडे संध्याकाळी किंवा रात्री, एका शनिवार-रविवारच्या आसपास सगळं आटोपतं. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, तोही पहाटे साडेपाच-सहाला, आणि मालिका लांबली तर अडीच आठवडे.

तरी नवख्या माणसाला मी एनबीएच सुचवेन, कारण खेळ कळतो तो तिथे. सगळे सामने जमणार नसतील तर पहिला बघा आणि मग थेट चौथा. मधल्या दिवसांत बाकावर कोण गेलं आणि कोणाला कोणावर सोडलं, हे पहिल्या पाच मिनिटांतच दिसेल.