पूलच्या टाइल्स सुटल्यावर: कॉन्ट्रॅक्टरशी समेट की ग्राहक आयोग?

कर्जत, लोणावळा, अलिबाग या पट्ट्यात बंगल्यामागे छोटा स्विमिंग पूल असलेली जितकी माणसं आहेत, तितकीच त्याचं रीसरफेसिंग करून वैतागलेलीही असावीत, असं मला हल्ली वाटू लागलंय. जुन्या टाइल्स उखडायच्या, नवं वॉटरप्रूफिंग करायचं, वर ग्लास मोझॅइक लावायचं. पहिला उन्हाळा मजेत जातो. मग कधीतरी पाण्याच्या तळाशी निळे तुकडे दिसायला लागतात आणि फोनवर ठरलेलं उत्तर मिळतं, "साहेब, टाइल चांगलीच लावलीय. तुमच्या पाण्यात क्लोरीन जास्त झालंय."

तुम्ही इथवर पोचला आहात असं धरून चालतो. पुढे खऱ्या अर्थाने दोनच रस्ते आहेत. कॉन्ट्रॅक्टरकडून काही रक्कम सोडवून घेऊन, कागद करून त्याला निरोप द्यायचा आणि काम दुसऱ्याकडे सोपवायचं, हा एक. ग्राहक आयोगात तक्रार करायची, हा दुसरा. मी पहिला घेतला, तोही तक्रारीचा मसुदा पूर्ण तयार करून झाल्यावर. त्यामुळे माझं मत थोडं कललेलं असणार, ते वजा करून वाचा.

बाकीचे पर्याय लवकर आटोपतो. पोलिसात जाऊन फसवणुकीचा गुन्हा नोंदवा, असं सांगणारा एक मेहुणा प्रत्येक घरात असतो. वाईट काम करणं आणि फसवायच्या हेतूनेच काम घेणं यात कायदा फरक करतो, आणि चौकीवर बहुधा "हे दिवाणी प्रकरण आहे" एवढंच ऐकायला मिळतं. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमून घेता येतो, ही त्यातली जमेची बाजू. पण दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी, शिवाय वकील. घरगुती पूलसाठी हे जरा अतीच होतं.

त्याच कॉन्ट्रॅक्टरकडून फुकटात पुन्हा करून घ्यायचं, हा मोह बऱ्याच जणांना होतो. माझा अनुभव असा, की 'पुन्हा करून देतो' याचा अर्थ 'सुटल्या तेवढ्या चिकटवून देतो' असा असतो. मोझॅइकचे तुकडे ज्यावर जोडून येतात ती नवी शीट वेगळ्या लॉटमधली निघते आणि पाणी भरलं की ठिगळं लांबून दिसतात. मिस्त्री तोच, मसाला कालवायची त्याची पद्धतही तीच. हा पर्याय मी फार वेळ विचारात घेतला नाही.

आता आयोगाची बाजू. लोक समजतात त्यापेक्षा ती बरीच भक्कम आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि घर एकीकडे, बंगला भलतीकडे असणाऱ्यांची त्याने मोठी सोय केली. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पूल कर्जतचा असला तरी ठाणेकराला अलिबागला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल सुरू झालंय, तक्रार घरबसल्या दाखल होते. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. या ४५ दिवसांपुढे सवलत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल स्पष्ट केलं आहे. आदेशाविरुद्ध अपील करायचं तर कॉन्ट्रॅक्टरला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि आदेश पाळलाच नाही तर महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दात नसलेला कायदा नाही हा.

एक खोच मात्र सांगितलीच पाहिजे. शनिवार-रविवार बंगला भाड्याने देत असाल, तर समोरचा पहिला मुद्दा 'व्यावसायिक हेतू'चा काढणार. व्यावसायिक हेतूने सेवा घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही. उदरनिर्वाहासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला अपवाद आहे, पण ठाण्यात नोकरी करून कर्जतचा व्हिला वेबसाइटवर टाकणाऱ्याला तो लागू होतो हे पटवणं सोपं नाही. व्हिलाचे पूलसकट फोटो इंटरनेटवर झळकत असतील, तर ते त्यालाही दिसतातच.

कायद्यात तक्रार निकाली काढायला तीन महिन्यांचं उद्दिष्ट आहे, तपासणी लागणार असेल तर पाच. प्रत्यक्षात ओळखीतले लोक वर्षांच्या भाषेत बोलतात. पण या उशिरामुळे मी मागे फिरलो नाही. तारखांना हजर राहायची माझी तयारी होती.

मला अडवलं ते पूलने. पुरावा म्हणजे खुद्द पूल, म्हणजे प्रकरण चालू आहे तोवर त्याला हात लावायचा नाही. उखडून नवीन केला की कॉन्ट्रॅक्टर मोकळा: "माझं काम होतं तरी कुठे आता? दाखवा." बरं, तसाच ठेवायचा म्हणजे कसा? भरलेला ठेवला तर रोज फिल्टर चालवा, क्लोरीन टाका, वीजबिल भरा, आणि पोहायचं नाही, कारण सुटलेल्या काचेच्या कडा पायाला लागतात. फिल्टर बंद केला तर आठवड्यात पाणी हिरवं आणि डासांची पैदास. रिकामा केला तर उन्हात तापून उरलेल्या टाइल्सही उडायला लागतात, आणि तेवढंच निमित्त त्याला पुरतं: "तुम्ही रिकामा ठेवलात म्हणून सुटल्या."

त्यातून पावसाळा आला. कर्जतच्या पावसात जमिनीतलं पाणी चढतं आणि रिकाम्या पूलला खालून उचलायला बघतं. वजनच नसेल तर अख्खं काँक्रीटचं कवच होडीसारखं वर येऊ शकतं, निदान तडकतं तरी. खालचा दाब सोडून देणारा व्हॉल्व तळाला असेल तर थोडी खात्री, पण आमच्या बाजूच्या बऱ्याच घरगुती पूलमध्ये तो बसवलेलाच नसतो. म्हणजे जूनच्या आत भरणं आलंच. भरला की पुरावा पाण्याखाली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उपसा, टँकर मागवा, पुन्हा तेच. चार लाखांच्या आसपासच्या कामासाठी हे भिजत घोंगडं किती पावसाळे ठेवायचं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि वकिलाकडची फाइल घरी आणली.

यावर आयोगाच्या बाजूने एक उत्तर आहे, तेही सांगतो. पूल उखडण्याआधी स्वतंत्र सिव्हिल इंजिनीअरचा अहवाल, तारखेसकट फोटो, व्हिडिओ आणि त्याचं प्रतिज्ञापत्र. त्यावर तक्रार चालू शकते. फक्त पाहणीची लेखी सूचना कॉन्ट्रॅक्टरला आधी द्या, नाहीतर "माझ्या पाठीमागे केलेला अहवाल" म्हणून तो उडवायला बघतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही सोबत लावा.

ही पाहणी मी करून घेतली आणि दोन्ही रस्त्यांना ती सारखीच लागते, म्हणून जरा सविस्तर. पूल उपसून सुकवला. इंजिनीअर लाकडी हातोडीने फूट-फूट अंतरावर ठोकत गेला. पक्की टाइल खणखणते, पोकळ असेल तिथे बद्द आवाज येतो. बद्द वाजलं की खडूने गोल. खोल बाजूची भिंत दुपारपर्यंत गोलांनी भरली. कॉन्ट्रॅक्टर क्लोरीनचं पालुपद चालवत होताच. इंजिनीअरने एक सुटलेला तुकडा उचलून उलटा केला. पाठ दुकानातून आणल्यासारखी स्वच्छ. भिंतीवर मात्र अ‍ॅढेसिव्हच्या दातेरी रेघा जशाच्या तशा उभ्या, दबलेल्यासुद्धा नाहीत. म्हणजे मसाला भिंतीवर ओढला, त्यावर साय धरली आणि मग कधीतरी शीट नुसती टेकवली. पाण्याचा दोष असता तर आधी ग्राउट, म्हणजे सांध्यांतलं भरण, खाल्लं गेलं असतं, बोट फिरवल्यावर वाळूसारखं खरखरीत लागलं असतं. सांधे तर धड होते. त्यानंतर क्लोरीनचा विषय निघाला नाही.

तरीही पाण्याची नोंदवही ठेवा. बाजारात मिळणाऱ्या टीसीसीए ९० या क्लोरीनच्या गोळ्या आम्लधर्मी असतात, त्या सतत टाकत राहिलं तर पीएच खाली घसरतो आणि सिमेंटचं ग्राउट खरोखरच खराब होतं. ७.२ ते ७.६ च्या दरम्यानचे आकडे तारखेसह लिहिलेले असले, की समोरच्याची अर्धी हवा जाते. पाणी कमी होत असल्याची तक्रार असेल तर बादलीची चाचणी करा: पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतली-बाहेरची पातळी खुणेने दाखवायची आणि दिवसाने पाहायचं. बाहेरची पातळी जास्त उतरली तर गळती, दोन्ही सारख्या उतरल्या तर ऊन.

आता समेट. सरळ सांगायचं तर यात पदरात कमी पडतं. मानसिक त्रासाची भरपाई विसरा, व्याजही विसरा. पण माझ्याकडे बिलाचा शेवटचा हप्ता अडकून होता आणि खडूच्या गोलांखाली त्याची सही होती. या दोन गोष्टींवर बोलणी झाली. उरलेला हप्ता त्याने सोडला आणि वर उखडण्याच्या खर्चाइतकी रक्कम चेकने दिली. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दोन पानं लिहिली: कोणतं काम सदोष ठरलं, रक्कम किती, चेकची तारीख काय, आणि चेक वटल्यावरच माझा हक्क संपेल. हे शेवटचं वाक्य त्याला नको होतं. सहीच्या दिवशीच 'कोणतीही तक्रार राहिलेली नाही' असं हवं होतं. तेवढ्या एका ओळीवर तासभर गेला, चहा दोनदा झाला, पण मी हललो नाही, तुम्हीही हलू नका. नवा कॉन्ट्रॅक्टर पावसाळ्याआधी कामाला लागला. या वेळी जाळीच्या पाठीची शीट न घेता समोरून कागद लावलेली घेतली, कारण काही जाळ्यांचा गोंद पाण्यात राहून सुटतो. बिलावर अ‍ॅढेसिव्हचं नाव आणि आयएस १५४७७ या टाइल अ‍ॅढेसिव्हच्या भारतीय मानकातला प्रकार लिहून घेतला. टाइलच्या आधी पाणी भरून गळतीची चाचणी केली. मे महिन्यात नातवंडं पूलमध्ये होती. आयोगात जिंकलो असतो तर रक्कम बहुधा जास्त मिळाली असती, हे मान्य.

तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. सगळे पैसे देऊन झालेले, कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही, काम दहा-पंधरा लाखांचं, तर समेटाला समोर माणूस तरी हवा ना? तिथे आयोगच बरा. साहित्य तुम्ही आणलं आणि त्याची फक्त मजुरी होती, तर टाइलवाला आणि मिस्त्री एकमेकांकडे बोट दाखवतात, अशा वेळी दोघांनाही पक्षकार करता येणं ही आयोगाची मोठी सोय आहे. आणखी एक मधली वाट आहे. तक्रार दाखल केल्यावर, दोघांची संमती असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. तिथे जमलेल्या तडजोडीवर आयोगाचा आदेश होतो, तो माझ्या दोन पानांपेक्षा जास्त वजनदार. अजून पूल उखडलेला नसेल आणि पावसाळा लांब असेल, तर ही वाट पाहायला हरकत नाही.

समेटाला बसताना एवढंच ध्यानात असू द्या, की तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे आणि बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. टाइल्स पहिल्यांदा सुटल्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहा, तक्रारीचा मसुदा तयार ठेवा आणि कॉन्ट्रॅक्टरला चेकसाठी एक ठाम दिवस द्या. त्या दिवशी चेक वटला नाही तर दुसऱ्या दिवशी ई-जागृतीवर लॉगिन करायचं.