सिरॅमिकचं बिल, ग्लेझचा हात

रंगावर संरक्षक थर, म्हणजे सिरॅमिक कोटिंग, मारायला सकाळी 11 ला दुकानात गेलेली काळी सेडान संध्याकाळी 6 ला चकाकत बाहेर आली. बिल 18 हजार, सोबत 'सिरॅमिक, 3 वर्षं वॉरंटी' असं छापील कार्ड. एक पावसाळा सरला आणि बॉनेटवरची बारीक ओरखड्यांची जाळी होती तशी वर आली. यातली लबाडी त्या सात तासांतच दिसते.

कोटिंगचं निम्म्याहून जास्त काम बाटली उघडायच्या आधीचं असतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे बारीक कण रुतून बसतात. आयर्न रिमूव्हर मारल्यावर जांभळे ओघळ येतात ते त्यांचेच. मग क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), मशीन पॉलिश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तेलकटपणा काढणं. त्यानंतर दोन-दोन फुटांचा तुकडा घेत कोटिंग, आणि पुढं 12 ते 24 तास गाडी आडोशाला, पाण्याचा थेंब न लागू देता. सात तासांत हे उरकत नाही.

उरकलं, तर समजा ग्लेझ, म्हणजे तात्पुरती चकाकी देणारं पॉलिश, मारलंय. त्यातलं तेल आणि फिलर ओरखड्यांत भरतं, जाळी झाकली जाते, काही धुण्यांत पुन्हा उघडी पडते. वरून स्प्रे वॅक्सचा हात. पाणी उडवून टपोरे थेंब दाखवतात. ते तर साध्या वॅक्सवरही उभे राहतात! कोटिंगसाठी मिरवतात तो '9एच' हा पेन्सिलच्या शिशाचा कडकपणा. मायक्रॉनभर थर खड्याचा ओरखडा अडवत नाही.

खरी मेख वॉरंटीत. दर सहा महिन्यांनी 'मेंटेनन्स' सक्तीचा, आणि त्यात पुन्हा तोच स्प्रे. चकाकी टिकते, संशय येत नाही. एक खेप चुकली की वॉरंटी रद्द.

याहून वाईट म्हणजे नव्या गाडीलाही मारलेलं जाड कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी खरखरीत पेस्ट. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा मूळ पारदर्शक थर, असतो साधारण 40-50 मायक्रॉन. जाडी मोजायचं मीटर न लावता कडांवर मशीन फिरवलं की क्लिअर कोट उडतो, आणि मग रीपेंटशिवाय इलाज नाही.

पॉलिश झाल्यावर, कोटिंगच्या आधी स्वतः जाऊन टॉर्चच्या उजेडात पत्रा बघा. सीलबंद बाटली समोर फोडायला लावा; 30 मिलीत मोठ्या एसयूव्हीवर 'तीन थर' बसत नाहीत. बिलावर कोटिंगचं नाव आणि बॅच नंबर हवाच. गाडी मिळून आठवडा उलटला की एका कोपऱ्यावर अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन मायक्रोफायबरनं पुसा. जाळी उठून आली तर ग्लेझच होतं.

दाद हवी असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथं दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पक्कं बिल, कार्ड आणि टॉर्चच्या उजेडातले फोटो जोडा, नुसतं 'चकाकी गेली' लिहून भागत नाही.